पटसंख्येच्या मापाने मोजलेली शाळा

१९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली, तेव्हा मराठी शिकवणाऱ्या शाळेला सरकारी तिजोरीतून पैसा मिळेल अशी आशा धरण्यासारखी परिस्थिती गोव्यात नव्हती. घरात भातासाठी तांदूळ काढताना त्यातली एक मूठ शाळेसाठी बाजूला ठेवायची आणि अशा मुठींतून शाळेचा खर्च भागवायचा, ही कल्पना संस्थेच्या नावातच आहे. तीन वर्षांनी, १९११ साली, फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. याशिवाय कितीतरी गावांत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत, किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या ओसरीवर शाळा भरत असे आणि मास्तरांच्या जेवणाची व बिदागीची सोय गावकरी आपापसांत वाटून घेत. या लोकांचे ऋण आपण मानतो, आणि ते मानलेच पाहिजे. पण त्या व्यवस्थेत एक उणीव होती आणि ती कुणाच्याही चांगुलपणाने भरून निघण्यासारखी नव्हती. ज्या गावात मूठ काढू शकणारी घरे अधिक, तिथे शाळा टिकली. ज्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, दुपारच्या पेजेचीच विवंचना होती, तिथे शाळा पोहोचलीच नाही.

पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यानंतर आलेल्या पहिल्या लोकनियुक्त सरकारचे, म्हणजे दयानंद बांदोडकरांच्या सरकारचे मोल मला इथे दिसते. १९६३ नंतर खेड्यापाड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडत गेल्या आणि त्या उघडताना वाड्याची ऐपत पाहिली गेली नाही. मूठ काढण्याची जबाबदारी राज्याने आपल्या अंगावर घेतली. ही जबाबदारी पुढे कोणत्याही सरकारने उघडपणे नाकारलेली नाही. परंतु शाळांना पदे, अनुदाने आणि सोयी देण्याचे जे नियम आपण एकामागून एक करत गेलो, त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला आहे की ज्या शाळेपाशी आधीच काही आहे तिला आणखी मिळते आणि जिच्यापाशी काही नाही तिच्याकडचे होते तेही जाते. आपण पुन्हा मुठीच्या मापाकडे निघालो आहोत, असे माझे म्हणणे आहे. मी सरकारी प्राथमिक शाळांत आयुष्यभर शिकवले असल्यामुळे हे तटस्थ प्रेक्षकाचे मत नाही, हेही सांगायला हवे.

गोव्यात पहिली ते चौथीचे वर्ग चालवणाऱ्या सरकारी शाळा गावोगावी आहेत, तर पाचवीपासून पुढचे शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांच्या अनुदानित विद्यालयांतून होते. यांपैकी अनेक संस्थांचे स्वतःचे प्राथमिक विभागही आहेत. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार तिजोरीतूनच जातो आणि त्याची वेतनश्रेणी सरकारी शिक्षकाच्या बरोबरीची असते. त्यामुळे कागदावर पाहणाऱ्याला ही व्यवस्था समानतेची वाटते, आणि विषमतेचा मुद्दा काढला की सरकार सर्वांना सारखेच देते असे उत्तर मिळते.

अमेरिकेत हे उत्तर देता आले नसते. तिथे शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून सधन वस्तीची शाळा सधन आणि गरीब वस्तीची गरीब राहते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा एज्वुड या गरीब शालेय विभागात एका विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५६ डॉलर आणि त्याच परिसरातील अलामो हाइट्स या सधन विभागात ५९४ डॉलर खर्च होत होते. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने पालकांची मागणी फेटाळली, कारण संघराज्याच्या घटनेने शिक्षणाला मूलभूत हक्क मानलेले नाही असे बहुमताचे मत पडले. आपल्याकडे २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे, तिजोरी एक आहे, आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या छोट्या राज्यात शिक्षण खातेही एकच आहे. मग आपल्या शाळांत विषमता येते कुठून, हे शोधायचे तर करांपेक्षा नियमांकडे पाहावे लागते.

त्यातला सर्वांत मोठा नियम पटसंख्येचा आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावर किती मुले आहेत त्यावरून ठरते. २०१० सालापासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे लिहिले आहे. म्हणजे पटावर ५९ मुले असोत वा ९, शाळेत दोन शिक्षक हवेत. एकशिक्षकी शाळेला त्या अनुसूचीत जागाच नाही. तरीही सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोण या तालुक्यांत एकशिक्षकी शाळा ही नेहमीची गोष्ट झाली आहे. त्यांची चर्चा होते ती कायद्याचा भंग म्हणून होत नाही, तर खर्चिक शाळा म्हणून होते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

हा खर्च कसा मोजला जातो ते पाहू. समजा, एका वाड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथीची मिळून १२ मुले आहेत आणि एक शिक्षक आहे. शिक्षकाचा पगार भागिले १२ केला की एका मुलामागचा खर्च शहरातल्या तीस मुलांच्या वर्गाच्या अडीच पट निघतो. हिशेब बरोबर आहे. आता तीच शाळा मुलाच्या बाजूने मोजू. कायद्याने पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. शहरातल्या पहिलीच्या मुलाला त्याच्या वर्गाचा शिक्षक हे ८०० तास मिळतो. वाड्यावरच्या शाळेत तेच ८०० तास चार वर्गांत वाटले जातात, म्हणजे पहिलीच्या मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे २०० तास येतात. तिजोरीच्या वहीत जे मूल अडीच पट महाग दिसते, त्याच मुलाला प्रत्यक्षात शिक्षकाचा पाव हिस्सा मिळत असतो. या दोन हिशेबांपैकी पहिलाच विधानसभेत मांडला जातो, वर्तमानपत्रांत छापला जातो आणि त्याच्या आधारावर निर्णय होतात.

शिवाय हे २०० तासही पूर्ण मिळत नाहीत. मी नोकरीत रुजू झाले ती शाळा सत्तरीतील एका वाड्यावर होती आणि नंतर अनेक वर्षे मी एकटीने चार वर्ग सांभाळले. चौथीला भागाकाराची गणिते घालून द्यायची, तिसरीला उतारा लिहायला सांगायचा, दुसरीला पाढे म्हणायला बसवायचे आणि मग पहिलीतल्या तिघांपाशी जाऊन त्यांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचे. तेवढ्यात माध्यान्ह आहार घेऊन रिक्षा यायची. पाव मोजून घ्यायचे, भाजी पाहायची, वहीत सही करायची. तालुक्याला बैठक असली की शाळा बंद. निवडणूक आणि जनगणनेची कामे शिक्षकाला देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यानेच ठेवली आहे. दहा शिक्षकांच्या शाळेतून एक शिक्षक या कामाला गेला तर वर्ग दुसऱ्याकडे जातो, एकशिक्षकी शाळेतून गेला तर शाळेला कुलूप लागते. आदेश दोन्हीकडे एकच असतो आणि म्हणूनच तो न्याय्य वाटतो.

छोटी शाळा हाच मुळात रोग आहे, असे मात्र मला वाटत नाही. वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना एकत्र बसवून चांगले शिकवता येते, हे आपल्या शेजारी कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या नली-कली पद्धतीने दाखवून दिले आहे. परंतु त्यासाठी वेगळे साहित्य, वेगळे प्रशिक्षण आणि शिक्षकाला मोकळा वेळ लागतो. आपण यांतले काहीच न देता फक्त एकशिक्षकी शाळा ठेवली, आणि ती चालत नाही हे पाहून छोट्या शाळा चालत नाहीत असा निष्कर्ष काढला.

आता मुले जातात कुठे आणि का, याकडे वळते. सरकारी प्राथमिक शाळेचे दार आजवर मुलाच्या सहाव्या वर्षी उघडत आले. त्याआधी अंगणवाडी आहे, पण तिथे आहार आणि लसीकरणाची कामेच अंगणवाडीताईंना पुरून उरतात. खासगी संस्थांनी मात्र तिसऱ्या वर्षापासून शुल्क घेऊन बालवर्ग चालवले. मूल तिथे रमले, गणवेश घेतला, मित्र झाले. सहाव्या वर्षी ते त्याच संस्थेच्या अनुदानित पहिलीत गेले. सरकारी शाळेची बाई जूनमध्ये घरोघरी फिरून पट गोळा करते तेव्हा निर्णय होऊन तीन वर्षे झालेली असतात. पालकांच्या शुल्कातून उभा राहिलेला बालवर्ग अशा रीतीने सरकारी अनुदानाचा पट ठरवतो, आणि ज्याला ते शुल्क परवडत नाही त्याचे मूल मागे राहिलेल्या शाळेत मागे राहते. नव्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून मानला आहे आणि गोव्याने तो २०२३-२४ पासून लागू केला. परंतु सरकारी शाळेच्या आवारात स्वतंत्र शिक्षिकेसह बालवर्ग प्रत्येक ठिकाणी आल्याशिवाय या धोरणाचा लाभ पुन्हा ज्यांच्याकडे बालवर्ग आहेत त्यांनाच होणार.

बालरथाचे, म्हणजे शाळांना बस पुरवण्याच्या सरकारी योजनेचेही असेच झाले. ही योजना मुळात अनुदानित शाळांसाठी आखली गेली आणि तिचा हेतू चांगला होता. लांबून चालत येणाऱ्या, कदंबच्या सरकारी बसची वाट पाहत ताटकळणाऱ्या मुलांना तिने मोठा दिलासा दिला, विशेषतः मुलींना. पण बस कोणत्या शाळेला द्यायची हे ठरवताना ती कोणत्या वाड्यावरून मुले उचलेल आणि तिथल्या सरकारी शाळेचे काय होईल, याचा विचार झाला नाही. माझ्या शाळेत शिकलेला एक तरुण काही वर्षांपूर्वी मला भेटायला आला. त्याची मुलगी सहा वर्षांची झाली होती. डांबरी रस्त्यावर सकाळी बस येते, तिकडच्या शाळेत चार वर्गांना चार शिक्षिका आहेत. बाई, तुम्ही सांगाल तिथे घालतो, असे तो म्हणाला. त्याला वाड्यावरच्या शाळेतच घाल असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या वर्षी वाड्यावरच्या शाळेतून आणखी दोन मुले बसने गेली. पट घसरला म्हणून दुसऱ्या शिक्षकाची मागणी मागे पडली, दुसरा शिक्षक नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी पालक गेले. यात दोष त्या बापाचा नाही, बस चालवणाऱ्या संस्थेचाही नाही. दोन्ही शाळांना एकच तिजोरी पैसा पुरवते, आणि त्या तिजोरीनेच एका हाताने शाळा उघडी ठेवून दुसऱ्या हाताने तिची मुले उचलून नेण्याची सोय केली आहे.

अनुदानित शाळांमध्येही सगळे समान नाहीत. पणजी, मडगाव, म्हापसा येथील नामांकित विद्यालयांत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या येतात, पालक-शिक्षक संघ निधी जमवतो, त्यातून संगणकाचे शिक्षक, वाचनालय, मैदानाची डागडुजी होते. केपे किंवा सांग्याच्या आतल्या भागातील अनुदानित विद्यालयाला पगाराचे अनुदान तेवढेच मिळते, पण पालक-शिक्षक संघाकडे मागायला गेले तर समोर मजुरीवर जाणारी माणसे असतात. पगार सारखा ठेवून बाकी सर्व पालकांच्या खिशावर सोडले, की मुष्टिफंडाच्या काळातील उणीव जशीच्या तशी परत येते. त्या काळातला त्याग मात्र तिच्याबरोबर परत येत नाही.

गोव्यात शाळांच्या अनुदानावर जेवढे रण माजले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या राज्यात माजले असेल. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला, भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन उभारले, २०१२ मध्ये सरकार बदलले आणि तरी ते अनुदान चालूच राहिले. मी त्या आंदोलनाच्या सभांना गेले होते. लहान मुलाने त्याच्या घरच्या भाषेत शिकावे हे मत मी आजही बदललेले नाही. पण मागे वळून पाहताना जाणवते की दोन्ही बाजूंनी अनुदानाचा प्रश्न माध्यमापुरताच ठेवला. कोणत्या भाषेच्या शाळेला पैसा द्यावा यावर आम्ही भांडलो. तो पैसा कोणत्या मुलापर्यंत किती पोहोचतो हे आम्ही विचारले नाही. मराठीच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर ते आधी विचारायला हवे होते, कारण गोव्यातील सर्वांत दूर पसरलेले मराठी शाळांचे जाळे सरकारी प्राथमिक शाळांचेच होते आणि तेच आमच्या डोळ्यांदेखत विरत गेले. सरकारी शाळेपासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या मराठी प्राथमिक शाळेला परवानगी मिळाली तेव्हा मराठीची आणखी एक शाळा झाली म्हणून आम्ही समाधान मानले. मराठीची शाळा तिथे आधीच होती.

आज या सगळ्यावर उपाय म्हणून विलीनीकरण सुचवले जाते: कमी पटाच्या शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत न्यावीत. ही सूचना मी सरसकट नाकारत नाही. शहरात पाचशे मीटरच्या आत दोन सरकारी शाळा असतील आणि दोहोंत मिळून पंचवीस मुले असतील, तर त्या एकत्र करण्यात शहाणपण आहे. पण नेत्रावळीच्या किंवा खोतीगावच्या अभयारण्याच्या हद्दीतील वाड्यांना तोच नियम लावता येणार नाही. पावसाळ्यात ओहोळ भरला की मोठी माणसे पलीकडे जात नाहीत, तिथे सहा वर्षांचे मूल रोज कोण सोडणार? शाळा बंद झाल्यावर कोणती मुले घरी बसतात हे मला माहीत आहे: धनगरवाड्यावरची, वेळीप आणि गावडा या आदिवासी समाजांच्या घरांतली, आणि त्यांतही आधी मुली. शहरांकडेही पाहायला हवे. वास्को, झुआरीनगर, मडगाव भागातील सरकारी शाळांत आता मोठ्या संख्येने कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मजुरांची मुले बसतात. त्यांच्या घरी मराठी नाही, कोकणी नाही, वर्षातून दोनदा घर बदलते. आपल्या राज्यातील सर्वांत कठीण शिकवण्याचे काम या शाळांत चालते आणि त्यांनाही माप तेच लावले जाते.

नेदरलँड्समध्ये १९१७ पासून सरकारी शाळा आणि धार्मिक संस्थांच्या शाळा यांना तिजोरीतून सारखाच पैसा देण्याची घटनात्मक हमी आहे. ही रचना गोव्याशी पुष्कळ जुळते. परंतु सारखा पैसा दिल्याने मुले सारखी शिकत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९८५ साली त्यांनी पट मोजण्याची रीत बदलली. कमी शिकलेल्या आईबापांचे मूल एक न मोजता १.२५ मोजायचे, आणि कमी शिकलेल्या स्थलांतरित आईबापांचे मूल १.९ मोजायचे. मुले तेवढीच राहिली, पण शिक्षकांची पदे जिथे गरज अधिक तिथे अधिक गेली. पुढे त्यांनी ही वजने बदलली, आईबापांच्या शिक्षणावर भर दिला. तपशिलात त्यांचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. पण संस्था सरकारी की खासगी या वादात न अडकता मुलाच्या गरजेवरून पैसा ठरवता येतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

गोव्यात याची सुरुवात पटापासून व्हावी. पट कितीही असो, चालू असलेल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतील आणि ही पदे पट घसरला म्हणून काढली जाणार नाहीत, एवढी हमी राज्याने द्यावी; कायद्याचे पालन करण्यापलीकडे त्यात काही नाही. त्यापुढची पदे आणि वेतनेतर अनुदान देताना अभयारण्यातील वाडे, पहिल्यांदाच शाळेत आलेली पिढी आणि घरची भाषा वेगळी असलेली मुले यांना जास्त वजन द्यावे. हे वजन सरकारी शाळेला द्यावे तसेच सांग्याच्या आतल्या भागातील अनुदानित विद्यालयालाही द्यावे. बस शाळेच्या नावे देण्याऐवजी मार्गाच्या नावे द्यावी, म्हणजे त्या वाटेवरच्या सरकारी शाळेतही ती थांबेल. जवळ सरकारी शाळा असताना नव्या प्राथमिक शाळेला परवानगी देण्यापूर्वी त्या शाळेत शिक्षक पुरे आहेत का, हे आधी पाहावे.

पैशाचा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारणे योग्य आहे. शिक्षकांची पदे कायमची असतात, त्यांचा भार अर्थसंकल्पावरच पडला पाहिजे. देशात दरडोई उत्पन्नात आघाडीवर असलेल्या राज्याला ते अशक्य नाही. इमारती, साहित्य, मार्गांवरच्या बसगाड्या यांच्यासाठी मात्र दुसरे साधन हाताशी आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणव्याप्त जिल्ह्यांत खाणचालकांकडून निधी जमवणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि पंतप्रधानांच्या खनिज क्षेत्र कल्याण योजनेने सुरुवातीला त्या निधीचा किमान ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांसाठी ठरवून दिला. गोव्यात या निधीतली मोठी रक्कम वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिली. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातील मुलांनी ट्रकांची धूळ खाल्ली, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर घरातली मिळकत गेलेली पाहिली. त्यांच्या शाळांचा या पैशावर पहिला हक्क आहे.

आणखी एक मागणी आहे आणि तिला पैसा जवळजवळ लागत नाही. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात, सरकारी असो वा अनुदानित, वर्षातून एकदा एक तक्ता लागावा: तिजोरीतून पगारापोटी किती आले, वेतनेतर किती आले, पालकांकडून किती जमले, वर्ग किती, शिक्षक किती, आणि शिक्षक शाळेबाहेरच्या कामावर किती दिवस होते. पंचायतीच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. सरपंचाला आणि पंचसदस्यांना आपल्या गावच्या रस्त्यावर किती खर्च झाला ते तोंडपाठ असते, शाळेवर किती झाला ते ठाऊक नसते, कारण ते त्यांना कुणी सांगितलेले नाही. शिक्षक, वर्ग, पट आणि अनुदान यांची माहिती दरवर्षी यूडायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीच्या अर्जात भरून खात्याकडे जाते. नोकरीत असताना तो अर्ज मी स्वतः भरत असे, आणि त्याची एक प्रत माझ्या टेबलाच्या खणात पडून राहत असे.